हाताला यश

आपल्याकडे डॉक्टरची कीर्ती पदव्यांपेक्षा हातावरून ठरते. "त्यांच्या हाताला यश आहे हो," असे शेजारच्या काकूंनी एकदा म्हटले, की दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे कोणती अक्षरे आहेत ते वाचण्याची कुणाला गरज वाटत नाही. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत विचारा किंवा सांगलीच्या गावभागात विचारा, चांगल्या डॉक्टरची व्याख्या एकच ऐकू येईल : हातगुणाचा डॉक्टर. एकाच्या हातची साधी पांढरी गोळीसुद्धा लागू पडते आणि दुसऱ्याच्या हातचे महागडे इंजेक्शन फुकट जाते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

विचार करू लागले म्हणजे मोठी गंमत वाटते. रोग बरा होतो तो बिनचूक निदानाने, योग्य औषधाने आणि पुष्कळदा चार दिवस मुकाट्याने अंथरुणात पडून राहिल्याने. डॉक्टर आपले गाऱ्हाणे ऐकतो, डोके चालवतो, चार शब्दांनी धीर देतो. आणि श्रेय मात्र जाते हाताला! बिचाऱ्या डोक्याची कुणी आठवणही काढत नाही.

ही समजूत घरगुती गप्पांतच राहिली असती, तर तिच्यासाठी दिवाळी अंकातली जागा अडवण्याचे मला काही कारण नव्हते. पण हीच समजूत अंगात कोट चढवून सरकारी नियमांत जाऊन बसली होती. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या अपंग उमेदवाराचे दोन्ही हात शाबूत असले पाहिजेत, त्यांत संवेदना असली पाहिजे आणि पुरेसे बळही असले पाहिजे, असा दंडक होता. पाय अधू असला तर एक वेळ विचार होई. हातात उणे दिसले, की पुढचे बोलणेच खुंटले.

आता असे एक घर डोळ्यांपुढे आणा. माणदेशातले म्हणा, जतच्या बाजूचे म्हणा. मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटे जन्मापासून कामाची नाहीत. तो डाव्या हाताने लिहितो आणि अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे आहे. बारावीला गुण उत्तम पडले आहेत, वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेतही त्याने नाव काढले आहे. दिवाळीत फराळाला आप्तमंडळी जमतात. गुण विचारून होतात, पाठीवर शाबासकीची थाप पडते आणि मग एकेकाची नजर हळूच त्याच्या हाताकडे वळते.

"हुशार आहेस रे बाळा," मामा म्हणतात, "पण हे डॉक्टरकीचे खूळ डोक्यातून काढ. बँकेची परीक्षा दे. पंख्याखाली बसून काम."

"आणि नाडी कोणत्या हाताने बघायची म्हणते मी?" आत्याबाई चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारतात.

डाव्या हाताने, हे उत्तर मुलाच्या ओठावर असते. पण मोठ्यांपुढे उलट बोलायचे नाही, हे वळण आपणच त्याला लावलेले असते. आई स्वयंपाकघरातून सगळे ऐकत असते. ती काही बोलत नाही, कारण तिच्याही मनात नेमकी तीच भीती असते. मंडळी काही दुष्ट नसतात. सगळे त्याच्या भल्याचेच बोलतात. अशा भल्याच्या बोलण्याने किती डॉक्टर घरातल्या घरातच खुडले गेले असतील, त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही.

अशा घरांनी एक नाव माहीत करून घ्यावे. मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी. जन्म १९४७ चा. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढचे सारे आयुष्य चाकाच्या खुर्चीशी बांधले गेले. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्यांच्या अपंगत्वावर बोट ठेवून आधी नकार आला. ते हटले नाहीत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले, कर्करोगाच्या उपचारांकडे वळले आणि अमेरिकेत सिॲटलला जाऊन अस्थिमज्जा-रोपणाचे शास्त्र शिकून आले. हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारा जो मगज असतो, तो निरोगी माणसाकडून घेऊन रोग्याला द्यायचा, असे ते शास्त्र. ज्यांच्याकडे ते शिकले, त्या डॉ. डॉनल थॉमस यांना पुढे १९९० साली याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अडवाणींनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. मगज दिला होता तिच्या भावाने. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण म्हणून ओळखले जाते. २००२ साली अडवाणींना पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण मिळाले.

त्या मुलीच्या आईबापांचा विचार माझ्या मनात येतो. डॉक्टर चाकाच्या खुर्चीतून आले म्हणून त्यांनी पोरीला उचलून घरी नेले नाही. पोटचे पोर मृत्यूच्या दारात असताना माणूस डॉक्टरचे पाय पाहत नाही. त्याला काय येते एवढेच पाहतो.

"पण ते औषधांचे डॉक्टर," कुणी म्हणेल, "शस्त्रक्रियेचे काय?" त्याचेही उत्तर आपल्याच देशात आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस या तरुण डॉक्टरीणबाई स्त्रीरोगशास्त्राकडे जायच्या विचारात होत्या. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वेल्लोरला तेव्हा डॉ. पॉल ब्रँड हे कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावत होते. हातावरची शस्त्रक्रिया अशी, की शस्त्रवैद्य स्टुलावर बसूनच ती करतो. मग बसायचेच आहे, तर स्टुलाऐवजी चाकांच्या खुर्चीत बसले म्हणून काय बिघडले? मेरीबाई ते काम शिकल्या आणि करू लागल्या. जिचे पाय गेले होते ती बाई दुसऱ्यांचे हात परत देऊ लागली. पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे वैद्यक शिकून आल्या आणि १९६६ साली वेल्लोरला कणा मोडलेल्या माणसांसाठी राहण्या-शिकण्याची सोय असलेले केंद्र त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्या वारल्या.

या दोन माणसांकडे थोर म्हणून पाहून नमस्कार करून मोकळे होणे सोपे आहे. "ती माणसेच वेगळी" असे म्हटले, की आपल्यावरची जबाबदारी संपते. पण नीट पाहिले तर दोघांच्याही बाबतीत एक साधी गोष्ट घडलेली दिसते. 'याला काय जमत नाही' हा प्रश्न बाजूला ठेवून 'या कामाला नेमके काय लागते' असा प्रश्न कुणीतरी विचारला. रक्ताच्या कर्करोगाच्या डॉक्टरला धावावे लागत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेला उभे राहावे लागत नाही. एवढे लक्षात आले आणि वाट निघाली.

कायद्याला हे लक्षात यायला बराच वेळ लागला. १९९५ च्या कायद्याने अपंगांना शिक्षणात तीन टक्के जागा दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्या किमान पाच टक्के केल्या. अट अशी की अपंगत्व निदान चाळीस टक्के असले पाहिजे. ठीक आहे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत दुसरे कलम होते : बोलण्यासंबंधीचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर उमेदवार अपात्र! म्हणजे एकोणचाळीस टक्के असेल तर राखीव जागा मिळायची नाही आणि चाळीस टक्के असेल तर राखीव जागेचा हक्क आहे, पण महाविद्यालयात पाऊल टाकायचे नाही. दाराची किल्ली आणि दाराची कडी दोन्ही एकाच आकड्यावर. कुठल्या प्रहसनकारालाही हे सुचले नसते.

महाराष्ट्रातलाच ओंकार गोंड हा विद्यार्थी या कोड्यात सापडला. त्याचे बोलण्याचे अपंगत्व होते ४४-४५ टक्के. उच्च न्यायालयात वेळेवर दिलासा मिळाला नाही म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना एकच विचारले : हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय? त्यांनी सांगितले, करू शकेल. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेशाचा हुकूम झाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सविस्तर निकालपत्र आले. टक्केवारी पाहून कुणालाही परस्पर बाद करता येणार नाही. त्या विशिष्ट माणसाला शिक्षण झेपेल की नाही ते तपासा आणि नाही म्हणायचे असेल तर कारणे द्या, असे त्यात सांगितले आहे. दहाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ओम राठोड या विद्यार्थ्याचा निकाल लागला. स्नायूंच्या विकारामुळे त्याचे अपंगत्व ८८ टक्के ठरले होते. तिथे न्यायालयाने दिल्लीचे डॉ. सतेंद्र सिंह यांचे मत मागवले. हे गृहस्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात आणि स्वतः पोलिओने अपंग आहेत. कोणती साधने आणि कोणत्या सोयी दिल्या म्हणजे हा मुलगा शिकू शकेल, ते त्यांनी मांडले आणि प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. अपंगत्व तपासणाऱ्या मंडळात स्वतः अपंग असलेला डॉक्टर किंवा आरोग्यसेवक असलाच पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. आणि २१ फेब्रुवारी २०२५ च्या आणखी एका निकालात 'दोन्ही हात शाबूत' ही अट नियमांत शोभत नाही, असे स्वच्छ शब्दांत सांगून टाकले.

म्हणजे आपला तो डाव्या हाताने लिहिणारा मुलगा आता आत्याबाईंना निदान उत्तर तरी देऊ शकेल.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. "हक्क वगैरे सारे खरे," कुणी म्हणेल, "पण रोग्याच्या जिवाशी खेळ नको." बरोबर आहे. नकोच. पण इथे कुणी परीक्षा सोपी करा म्हणत नाही. शरीरशास्त्राचा पेपर तोच, तोंडी परीक्षा तीच, रोग्यापुढे उभे करून घेतलेली परीक्षाही तीच. ज्याला उत्तीर्ण होता येणार नाही तो होणार नाही. पुढची गोष्ट अशी की कोणताच डॉक्टर सगळे करीत नाही. डोळ्यांचे डॉक्टर मोडलेले हाड बसवीत नाहीत आणि हाडांचे डॉक्टर मोतीबिंदू काढीत नाहीत. रक्त-लघवी तपासणारे, क्ष-किरणांची चित्रे वाचणारे, मनोविकारांवर उपचार करणारे, साथीच्या रोगांचा बंदोबस्त करणारे, हे सारे डॉक्टरच. काही कामे एखाद्या अपंग डॉक्टरला खरोखरच जमणार नाहीत. ती त्याने करू नयेत. धडधाकट डॉक्टरही आपल्याला न जमणारी केस दुसऱ्याकडे पाठवतोच आणि त्याला आपण शहाणा म्हणतो.

आणि साधनांचे म्हणाल, तर त्यांचे एवढे नवल कशाला? चष्मा हे साधनच आहे. चष्म्याशिवाय ज्यांना औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता यायचे नाही, असे किती डॉक्टर आज रोगी तपासत आहेत! त्यांना कुणी अपंग म्हणत नाही. तसाच ऐकू कमी येणाऱ्या डॉक्टरसाठी छातीतला आवाज मोठा करणारा, त्याची रेघ पडद्यावर उमटवणारा स्टेथास्कोप मिळतो. ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेणाऱ्यांसाठी तोंड दिसेल असा पारदर्शक मास्क असतो. बसल्या माणसाला उभे करणारी चाकांची खुर्ची असते. हृदय बंद पडलेल्या रोग्याची छाती दाबायला बळ लागते हे खरे. पण इस्पितळात ते काम एकटा डॉक्टर करतच नाही. एकजण दाबतो, एकजण श्वास देतो, एकजण औषध भरतो, आणि काय केव्हा करायचे ते सांगणारा एक असतो.

जुने घरगुती डॉक्टर आठवून पाहा. डॉक्टरसाहेब खुर्चीत बसत, जीभ बघत, चार प्रश्न विचारत. बाटलीवर कागदाची नक्षीदार पट्टी चिकटवून औषध देणारा, मलमपट्टी करणारा कंपाउंडर असे. तेव्हाही डॉक्टरांच्या 'हाताला' जे यश होते, त्यातला निम्मा हात कंपाउंडरचाच होता! शिवाय सत्तरी ओलांडलेल्या, हात किंचित कापणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या कितीतरी डॉक्टरांकडे आपण श्रद्धेने जात आलो आहोत. पदवी मिळाल्यानंतर आलेले अपंगत्व आपल्याला वडीलधारेपणा वाटतो आणि पदवीआधीचे मात्र अपात्रता. हा न्याय कुठला?

आता आपल्या भागाकडे येऊ. वैद्यकीची परंपरा या कृष्णाकाठाला नवी नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांचे इस्पितळ १८९४ साली उभे राहिले. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडला १९८४ साली महाविद्यालय निघाले, सांगलीलाही निघाले, आणि साताऱ्याला २०२१-२२ पासून सरकारी महाविद्यालय सुरू झाले. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत, एसटीने अर्ध्या दिवसात उरकणाऱ्या या पट्ट्यात दरवर्षी शेकडो मुले डॉक्टरकीला लागतात. न्यायालयाने दार उघडले, ते याच महाविद्यालयांचेही दार आहे. पण दारापर्यंत पोचायचे कसे?

कारण कायदा दिल्लीत होतो आणि पायरी गल्लीत असते. सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले गाव. चढउतार त्याच्या नशिबीच आहे. सांगली सपाट खरी, पण कृष्णामाईच्या पुराने जोती उंच बांधायला शिकवलेली. २००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला, ते उंच जोत्याला नावे ठेवणार नाहीत. तेव्हा पायऱ्या राहणारच. पण पायऱ्यांच्या कडेला एक उताराची फरसबंदी करायला कोणता पूर आडवा येतो? आपले दवाखाने पाहा. खाली औषधांचे दुकान आणि वर, अरुंद जिन्याने, डॉक्टर. गुडघे धरलेल्या आजीबाईंना गुडघ्यांच्याच डॉक्टरकडे वीस पायऱ्या चढून जावे लागते! ज्या जिन्यावर रोगी अडतो, त्याच जिन्यावर अपंग डॉक्टरही अडतो. एक सोय केली तर दोघेही वर पोचतील. सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्यासाठी २०१६ च्या कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपल्या ओळखीच्या कचेऱ्या, शाळा आणि इस्पितळे नजरेसमोर आणून प्रत्येकाने हिशेब मांडावा.

राहता राहिलो आपण, म्हणजे रोगी आणि रोग्यांचे नातेवाईक. नियम बदलतील, उतारही बांधले जातील. पण शेवटची परीक्षा आपल्या हाती आहे. उद्या तो मुलगा शिकून येईल, सांगलीत किंवा साताऱ्यात पाटी लावील. पहिल्या दिवशी बाकावर कोण बसेल? त्याचा हात पाहून परत फिरणारे चार लोक भेटले, तर सर्वोच्च न्यायालयाला काही तिथे येऊन बसता येणार नाही. त्याच्याकडे दया म्हणून जावे असे मी मुळीच म्हणत नाही. दयेने डॉक्टरचे पोट भरत नाही आणि रोग्याचा ताप उतरत नाही. इतर डॉक्टरांची जशी परीक्षा करतो, तशीच त्याची करावी. तो नीट ऐकून घेतो का, समजावून सांगतो का, नको ती औषधे माथी मारत नाही ना, गरज पडली तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो का? या कसोट्यांवर उतरला तर पुन्हा जावे, नाहीतर जाऊ नये. एवढी बरोबरीची वागणूक मिळाली, तरी त्याला पुष्कळ आहे.

पोलिओचा शेवटचा रोगी भारतात जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. त्यामुळे यापुढच्या पिढीत अडवाणींसारखी पोलिओने पाय गेलेली मुले दिसणार नाहीत, ही आनंदाची गोष्ट. पण खंबाटकीच्या घाटातून जाणाऱ्या महामार्गावर अपघात व्हायचे थांबलेले नाहीत आणि जन्मतः उणीव घेऊन येणारी मुलेही येतच राहणार. मेरीबाईंच्या मोटारीत त्या दिवशी बसलेले कुणी काही वेगळ्या नशिबाचे नव्हते. अपंगत्व हा दुसऱ्याच्या घरचा विषय आहे असे समजण्याइतका निर्धास्त माणूस मला तरी दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती असा एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल, तर हाताकडे पाहण्याआधी एवढेच विचारा : "तुला कोणत्या विषयाचा डॉक्टर व्हायचे आहे?" पुढचे सारे तो सांगेल. आणि मामांना बँकेविषयी बोलायचेच असेल, तर शिक्षणासाठी कर्ज कसे मिळते तेवढे त्यांनी सांगावे.

आपणा सर्वांना ही दिवाळी आरोग्याची जावो.